कंदिलाची कुळकथा

श्रोतेहो, हे भाषण संपले म्हणजे एक काम करा. घरातल्या माळ्यावर चढा, नाहीतर गोठ्याच्या आढ्याकडे एकवार नजर टाका. घर जुने असेल, तर कुठल्या तरी खुंटीला एक कंदील टांगलेला सापडेल. काच असेलच असे नाही. टाकीला गंज चढला असेल, वात वाळून कडक झाली असेल, एखाद्या चिमणीने टोपीत काड्या आणून ठेवल्या असतील. तो खाली काढा, धूळ झटका आणि अंगणात उजेडात ठेवून नीट बघा. आपण जन्मभर कंदिलाच्या उजेडात दुसरे काहीतरी पाहत आलो. कंदिलाकडे कोणी पाहिले नाही.

त्याच्या दोन्ही अंगांनी दोन नळ्या वरून खाली आलेल्या दिसतील. ह्या नळ्या कशासाठी? मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारीत असे, आणि उत्तरेही ठरलेली असत. "धरायला, गुरुजी!" "काच पडू नये म्हणून!" एका पोराने तर उभे राहून सांगितले, "शोभेला." सगळा वर्ग हसला. पण मुलांचा दोष नव्हता. ज्या वस्तूच्या सोबतीने त्यांच्या आज्यापणज्यांनी रात्रीची पाळी धरून उसाला पाणी पाजले, तिच्या अंगावर त्या नळ्या का आहेत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

त्या नळ्या पोकळ आहेत. त्यांतून हवा वाहते. कंदिलाची सगळी अक्कल त्या नळ्यांत आहे, आणि तिथवर पोचायला माणसाला बरीच वाट चालावी लागली.

आपली पणती घ्या, समई घ्या. त्यांत जळते ते करडईचे, करंजाचे किंवा एरंडाचे तेल. ह्या तेलांची एक खोड आहे. ती जाड असतात, वातीतून फार उंच चढत नाहीत. म्हणून समईत वात तेलात लोळत असते आणि ज्योत तेलाच्या अगदी काठावर, बोटभर अंतरावर जळते. असा दिवा हातात घेऊन चालायला लागलात की तेल डुचमळते आणि वाऱ्याने ज्योत जाते. तुळशीपाशी दिवा नेणारी बाई एक हात दिव्याला आणि दुसरा ज्योतीच्या आडोशाला धरून चालते, ते उगाच नाही. रानात जायचे तर पलिता किंवा मशाल घ्यावी लागे. मशालीला वारा लवकर विझवीत नाही हे खरे. पण ती तेल फार पिते, आणि ती घेऊन कडब्याच्या गंजीजवळ जाण्याची कोणाची छाती होत नाही. युरोपातही गोष्ट फारशी निराळी नव्हती. तिकडे व्हेल माशाचे तेल आणि चरबीच्या मेणबत्त्या. धूर आणि वास मात्र आपल्यापेक्षा जास्त.

पहिली मोठी सुधारणा केली ती जिनिव्हाच्या आमी आर्गाँ ह्या गृहस्थाने, १७८० च्या सुमारास. त्याने वातीची पोकळ नळी केली. त्यामुळे ज्योतीला बाहेरून हवा मिळे तशी आतूनही मिळू लागली. मग ज्योतीवर त्याने काचेचे धुराडे बसवले. ह्या धुराड्याची गोष्ट अशी सांगतात, की त्याच्या धाकट्या भावाने एका फुटक्या बाटलीचा गळा सहज ज्योतीवर धरला, तो ज्योत एकदम उंच आणि पांढरी झाली. गोष्ट घडली असो वा नसो, तिच्यातले कारण पक्के आहे. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. काचेच्या नळीत तिला दुसरी वाट नसते, म्हणून ती जोराने वर पळते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. ताजी हवा मिळाली म्हणजे तेलातला कोळसा पुरता जळतो. नाही मिळाली, तर तोच कोळसा काजळी होऊन वर जातो आणि आपल्या भिंतीला लागतो, नाकात जातो, अभ्यास करणाऱ्या पोराच्या डोळ्यांना झोंबतो. आर्गाँचा दिवा सहा ते दहा मेणबत्त्यांइतका उजेड देत असे. १७८४ साली त्याने इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले. पण तेल जुनेच, जाड. त्यामुळे टाकी ज्योतीच्या बरोबरीने शेजारी लावावी लागे, आणि तिची सावली नेमकी एका बाजूच्या माणसाच्या पुस्तकावर पडे.

तेल बदलले तेव्हा दिवा बदलला. अब्राहम गेस्नर ह्या कॅनडातल्या माणसाने १८४६ साली दगडी कोळशापासून एक पातळ, स्वच्छ जळणारे तेल काढून दाखवले. मेणाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याने त्याला केरोसीन हे नाव दिले. इकडे युरोपात, आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्ह शहरात, इग्नात्सी वुकासेविच नावाचा औषधी विकणाऱ्या दुकानातला तज्ज्ञ खनिज तेल शुद्ध करीत बसला होता. त्याने एका पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून त्या तेलासाठी दिवा करवून घेतला. ३१ जुलै १८५३ च्या रात्री तिथल्या इस्पितळात एका रोग्यावर ताबडतोब शस्त्रक्रिया करायची होती, आणि ती ह्या नव्या दिव्यांच्या उजेडात केली गेली. पुढे १८५९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसविल गावी ड्रेक नावाच्या माणसाने भोक पाडले आणि जेमतेम सत्तर फुटांवर तेल लागले. आपल्याकडच्या कित्येक विहिरी त्याहून खोल आहेत! त्यानंतर हे तेल इतके निघू लागले की गरिबाच्या घरीही परवडावे. खडकातले तेल ते रॉक ऑईल, आणि आपल्या तोंडात त्याचे झाले रॉकेल. काही ठिकाणी घासलेट म्हणतात, ते गॅसलाईट ह्या शब्दावरून आले असे सांगतात. आमच्या आईने तर जन्मभर राकीलच म्हटले.

आता ह्या पातळपणाचा परिणाम पाहा. रॉकेल वातीतून सरसर वर चढते. वात चांगली वीतभर लांब असली तरी चढते. म्हणजे टाकी ज्योतीच्या खाली, अगदी बुडाशी ठेवता येते. टाकी खाली गेली की वजन खाली गेले, आणि वजन खाली गेले की दिवा कलंडेना. टाकीची सावली जमिनीवर पडू लागली, पुस्तकावर पडेना. कंदिलाला ते रुंद बूड कुठून आले, ह्याचे उत्तर रॉकेलच्या पातळपणात आहे.

घरातला दिवा सुधारला, पण वारा होताच. काचेच्या धुराड्याला खालून हवा लागते. खालची भोके उघडी ठेवली तर वाराही तिथूनच शिरतो. बंद केली तर ज्योत गुदमरते. आत हवा घ्यायची आणि वारा घ्यायचा नाही, हे कसे जमावे? रेल्वेचा गार्ड, गाडीवान, गोठ्यात रात्री व्यालेली गाय बघायला जाणारा शेतकरी, ह्या सगळ्यांची अडचण एकच.

ती सोडवली जॉन अर्विन ह्या अमेरिकन माणसाने. त्याने असा विचार केला, की हवा खालून घ्यायचीच नाही. ती वरून घ्यायची आणि बाजूच्या नळ्यांतून खाली ज्योतीपर्यंत न्यायची. १८६९ साली त्याने पहिल्या कंदिलाचे पेटंट घेतले. त्यात काचेतून वर आलेली गरम हवाच एका टोपीत धरून, थोड्या ताज्या हवेसह नळ्यांतून परत खाली पाठवली जाई. ज्योत वाऱ्यात टिकू लागली, पण उजेड मंद पडे, कारण एकदा जळून आलेल्या हवेत दम उरलेला नसतो. अर्विन तिथे थांबला नाही. १८७३ साली त्याने दुसरे पेटंट घेतले. आता गरम हवेला टोपीतून थेट बाहेर जायची वाट दिली, आणि नळ्यांची तोंडे अशी ठेवली की त्यांत बाहेरची थंड, ताजी हवाच शिरावी. ज्योत पांढरी झाली.

आता वाऱ्याची गंमत बघा. हवा आत येण्याची वाट आणि बाहेर जाण्याची वाट, दोन्ही कंदिलाच्या डोक्याशी, शेजारीशेजारी. वाऱ्याचा झोत आला की तो दोन्ही वाटांवर जवळजवळ सारखाच दाब देतो. दोघे पैलवान सारख्या जोराने रेटू लागले म्हणजे मधला खांब हलत नाही, तसे होते. आत ज्योत शांत. म्हणून तर रात्री बांधावरून चालताना कंदील हातात मागेपुढे झुलला तरी विझत नसे. त्याच नळ्या काचेभोवतीची चौकट होतात आणि कंदील टांगायची कडीही त्यांनाच अडकवलेली असते. एकाच वस्तूकडून तीन कामे! सुतार असो, लोहार असो, हे पाहिल्यावर त्याने मान डोलवावी.

शिक्षक मंडळींना एक सुचवतो. चालू स्थितीतला कंदील मिळाला तर वर्गात पेटवा, ज्योत स्थिर होऊ द्या. मग बाजूचा खटका दाबून काच बोटभर वर उचला. ज्योत लगेच तांबडी होते, फडफडते, धूर ओकू लागते. काच खाली सोडा, पुन्हा शहाणी होते. फळ्यावर चार आकृत्या काढून जे होत नाही ते ह्या एका खटक्याने होते. मुलांना मात्र हातभर दूर बसवा, आणि पेटत्या कंदिलात तेल ओतू नका.

हे कंदील अमेरिकेत डीट्झ कंपनीने आणि जर्मनीत सॅक्सनीमधल्या बायरफेल्ट गावच्या कारखान्याने अफाट संख्येने काढले. कल्हई केलेला पातळ पत्रा घ्यायचा, दाबयंत्राखाली भाग पाडायचे, कडा एकमेकींत दुमडून बसवायच्या. डीट्झ हे नाव ठोकलेला एखादा कंदील आपल्याकडच्या जुन्या वाड्यातही सापडतो. हरिकेन म्हणजे तुफान. तुफानातही टिकणारा तो हरिकेन कंदील, असे त्याचे इंग्रजी नाव.

कंदिलाच्या मागोमाग रॉकेलचा डबाही आला, त्याच्याविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चार गॅलनचा, म्हणजे साधारण अठरा लिटरचा तो चौकोनी डबा. जहाजातून येताना दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून येत. तेल संपले की डब्याची खरी नोकरी सुरू होई. वर आडवी काठी ठोकली की पाणी भरायला झाला, झाकण बसवले की धान्याला झाला. कापून सपाट केला की छपराला झाला, माती भरली की तुळस लावायला. खोक्याची फळी पाट म्हणून कामी येई. हा डबा ज्याने आखला, त्याला आपण किती संसारांत शिरणार आहोत ह्याची कल्पनाही नसेल.

आणि कोणी विचारील, गॅसबत्तीचे काय? लग्नात, तमाशात, भजनाच्या फडात जी फुसफुस करीत जळे ती पेट्रोमॅक्स. तिची कुळी वेगळी. तिच्यातली ती रेशमी पिशवीसारखी जाळी आउअर फॉन वेल्सबाख ह्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली शोधली, आणि बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या कारखान्याने १९१० च्या सुमारास ही बत्ती काढली. नावातला मॅक्स तोच. ती समारंभाची बत्ती. तिला पंप मारायला माणूस लागे, तो माणूस गावात मानाने मिरवत असे. रोजच्या घरातला तो कंदील.

तर आता आपल्या मुलखात येऊ. कंदील परदेशी, काचही परदेशी. काच फुटली की पैसा समुद्रापार. अंताजी दामोदर काळे ह्यांनी दर माणसी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे त्या पैशांतून काचेचा कारखाना निघाला. तिथे काचेबरोबर काच करणारी माणसेही तयार झाली. मग १९१४ चे महायुद्ध आले आणि युरोपातून येणारा काचमाल अडला. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी आपला काचकारखाना घातला. जागा औंध संस्थानातली. हे संस्थान लहान, तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले. पण तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी कारखानदाराला दारातून परत पाठवीत नसत. किर्लोस्करवाडीही १९१० साली त्यांच्याच मुलखात उभी राहिली. कारखान्याभोवती जी वस्ती झाली तिचे नाव ओगलेवाडी. कराडचे रेल्वे स्टेशन आहे ते ह्याच ओगलेवाडीत. पुणे-मिरज गाडीने जाताना कधी उतरलात तर ध्यानात ठेवा.

ओगल्यांनी काचेपासून सुरुवात केली आणि पुढे सबंध कंदीलच केला. त्याचे नाव ठेवले प्रभाकर. ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव प्रभाकर, आणि प्रभाकर म्हणजे सूर्यही. औंधचे राजेसाहेब सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते, देशभर त्यांनी त्यांचा प्रचार केला. तेव्हा सूर्याच्या नावाचा कंदील त्यांच्याच राज्यात निघावा हे मला तरी फार शोभून दिसते. घरोघर प्रभाकर झाला. पुष्कळ घरांत कंदील हा शब्दच मागे पडला. "प्रभाकर पेटव" असे म्हणत. तो कारखाना पुढे बंद पडला, गावाने मात्र नाव धरून ठेवले आहे.

तुम्ही म्हणाल, परदेशी नमुना समोर होता, त्याच्यासारखा पत्रा वाकवला. यात मोठे ते काय? अवघड होती ती काच. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत चौदा-पंधराशे अंशांवर वितळवायची, लोखंडी नळीच्या टोकावर गोळा घ्यायचा, साच्यात धरून फुगवायचा. इथपर्यंत हाताचे कसब. खरी कसोटी त्यानंतरची. गरम काच तशीच उघड्यावर निवू दिली, तर बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि आतला मागाहून. दोघांचे भांडण काचेच्या पोटात तसेच राहते. वरून ती छान दिसते. घरी जाते, दोन दिवस जळते आणि तिसऱ्या दिवशी कोणी हात न लावता तडकते. म्हणून फुगवलेली काच वेगळ्या भट्टीत ठेवून हळूहळू, धीराने निववावी लागते. गिऱ्हाईक काच विकत घेते तेव्हा त्याला हा धीर दिसत नाही. तडकली म्हणजे मात्र देशी मालाला शिव्या बसतात. त्या काळच्या कारखानदारांनी त्या शिव्या खाऊन काच सुधारली, हे विसरून चालणार नाही.

आमच्याकडे नवी काच आणली की आई ती गार पाण्याच्या पातेल्यात बुडवून चुलीवर ठेवी, पाणी उकळू देई आणि चूल विझवून रात्रभर तसेच निवू देई. त्याने काच मजबूत होते अशी समजूत. खरे सांगायचे तर उकळत्या पाण्याच्या उष्णतेने काचेच्या पोटातले भांडण मिटत नाही, त्याला पाचशेच्या वर अंश लागतात. पण वाईट काच असेल तर ती पातेल्यातच फुटे, आणि आबा ती घेऊन पुढच्या बाजारी दुकानदाराशी भांडायला मोकळे.

हे सगळे मी वर्गात सांगत आलो. आता जे सांगतो ते वर्गात कधी सांगितले नाही.

आमच्या घरी एक कंदील आणि दोन चिमण्या होत्या. चिमणी म्हणजे काच नसलेली, पत्र्याच्या डबीत वात घातलेली ती धुरकट दिवली. कंदील ओसरीवर. त्याच्याभोवती मी आणि माझा भाऊ पुस्तके घेऊन बसत असू, पलीकडे आबा. जेवणे झाल्यावर पाण्याची पाळी असली तर तोच कंदील रानात जाई. चिमण्या आत, एक चुलीपाशी आणि एक कोनाड्यात. आई आणि आक्का त्या धुरात भाकरी थापत, भांडी घासत. तरी कंदिलाची काच रोज संध्याकाळी पुसायची ती आक्काने. तिचा हात बारीक, काचेच्या तोंडातून आत जाई. चुलीतली राख फडक्याने चाळून घ्यायची, चिंधीवर घेऊन आतून फिरवायची, मग कोरड्या चिंधीने लख्ख करायची. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. ती काच अशी पुसून ठेवी की पेटल्यावर काच आहे की नाही कळू नये, आणि मग ती आत धुरात जाऊन बसे. ह्यात काही वावगे आहे असे आम्हां कोणालाच वाटत नव्हते.

१९६२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी पाचवीत होतो. जेवून हात धुतले, पुसले नाहीत, आणि ओसरीवर येऊन हात झटकले. चार थेंब तापलेल्या काचेवर गेले. चर्र आवाज झाला आणि काच वरपासून खालपर्यंत उभी तडकली. एक कपची खाली पडली. आबा रागीट. त्यांनी आतून विचारले, "काच कुणी पुसली होती?" आक्का म्हणाली, "मी." ओली चिंधी लावली असशील, नीट बसवली नसशील, म्हणून तिला बोलणी बसली, एक थप्पडही बसली. पडलेली कपची गोळा करताना तिची करंगळी कापली. मी पुस्तकात डोके घालून बसलो होतो. त्या रात्री अंधारात पुस्तकातले अक्षर दिसत नव्हते, तरी डोके वर काढले नाही. पुढचा बाजार येईपर्यंत पाच दिवस ओसरीवर चिमणी आली आणि चुलीपाशी एकच उरली.

पुढे मास्तर झालो. तापलेल्या काचेवर पाणी पडले तर ती का तडकते हा धडा मी दरवर्षी फार चांगला शिकवीत असे. बाहेरची बाजू एकदम आक्रसते, आतली तशीच राहते, ताण पडतो, काच जाते. मुलांना लगेच समजे. "गुरुजी, तुम्ही करून पाहिलंय का?" असे एका मुलीने एकदा विचारले. मी घड्याळाकडे बघितले आणि पुढचा धडा काढला.

आमच्या गावात वीज आली १९७४ साली. आक्का तोवर सासरी गेली होती. तिच्या गावाला आणखी सहा वर्षे लागली. देशातल्या सर्व गावांत वीज पोचल्याचे सरकारने जाहीर केले ते २८ एप्रिल २०१८ रोजी, मणिपूरमधल्या लेइसांग गावी तारा पोचल्यावर. गाव विजेचे झाले म्हणायला गावातल्या शंभरांतल्या दहा घरांत जोड असली तरी पुरे, असा तेव्हाचा नियम होता. उरलेल्या नव्वद घरांत काय जळत होते ते तुम्हांला मी सांगायला नको.

आता तर कंदील पुन्हा निघाले आहेत, शहरात. हायरस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात जुन्या घराचा देखावा म्हणून ओळीने टांगलेले पाहिले. आत विजेचा पिवळा दिवा. वेटर दुसरीकडे गेल्यावर मी एक हातात घेऊन बघितला. दोन्ही अंगांना नळ्या आहेत, अगदी बरहुकूम. पण त्या भरीव. वरून हवा शिरायला भोक नाही, खाली ज्योत नाही. "शोभेला, गुरुजी" असे म्हणणारा तो पोरगा आठवला. त्याचे उत्तर बरीच वर्षे लवकर आले होते एवढेच म्हणायचे.

गेल्या दिवाळीत आक्काकडे गेलो होतो. ती आता ऐंशीच्या घरात आहे. सोप्यात खुंटीला आमच्याच घरचा तो प्रभाकर. आई गेल्यावर वाटणीत तिने भांडे मागितले नाही, दागिना मागितला नाही, हा मागून घेतला होता. रात्री दिवे गेले. नात मोबाईलचा उजेड घेऊन धावली, पण आक्काने कंदील काढायला सांगितला. तेव्हा मी म्हणालो, "आक्का, ती काच मी फोडली होती." कोणती काच, हे तिने विचारले नाही.

"अरं, चर्र झालेलं मी चुलीपासनं ऐकलं होतं की," ती म्हणाली. "पुसायची चूक झाली तर काच चर्र वाजती व्हय?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुझी परीक्षा होती," असे म्हणून तिने काच माझ्यापुढे केली. "पूस आता. माझा हात जाईना त्यात." माझाही जात नव्हता. शेवटी नातीला हाक मारली. राख कुठून आणणार, घरात चूलच नाही. वर्तमानपत्राचा बोळा करून तिने काच आतून फिरवली, मी वात कातरली, आणि दिवे येईपर्यंत तासभर आम्ही तिघे त्याच्याभोवती बसलो.